ढकलत नेलेली नानाहान

चितोसे कुवाबाराच्या मनात काही शिजायला लागलं की सगळ्यात आधी तिच्या तोफूला कळतं. त्या साली ऑक्टोबरभर आमच्या गल्लीला तोफू जरा घट्टच मिळाला. कोणी काही बोललं नाही. आमच्या गल्लीत कोणी कधी काही बोलत नाही, हाच आमच्या गल्लीचा जुना रोग आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या रोगाचीच आहे.

शिजत होती ती एक मोटारसायकल. साधीसुधी नाही, नानाहान. साडेसातशे सीसीच्या मोठ्या गाड्यांना आमच्याकडे सगळे नानाहानच म्हणतात. चार सिलिंडरांची, जांभळट लाल रंगाची, चितोसेच्या लग्नापेक्षाही जुनी. ती उभी होती पलीकडच्या खाडीकाठी, इवाकिरींच्या गॅरेजात. चितोसे आपल्या छोट्या स्कूटरवरून तिकडच्या खाणावळीला तोफू पोचवायला जायची, आणि परत येताना गॅरेजापाशी स्कूटरचा वेग आपोआप कमी व्हायचा. आधी ती नुसती बघून जायची. मग थांबून बघायला लागली. मग उतरून. मग एके दिवशी हात पुसून टाकीवरून फिरवला, आणि झालं.

ती गाडी इवाकिरींची स्वतःची. वर्षानुवर्षं दर रविवारी पहाटे ते तिच्यावरून किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्याने जायचे. आमची गल्ली त्या रस्त्यापासून खाली बंदराकडे उतरते, आणि कुवाबारांचं तोफूचं दुकान अगदी तळाशी, विहिरीजवळ. रविवारी सोयाबीन दळायची चक्की बंद असायची, चितोसेला उशिरा उठायची मुभा असायची, तरी त्या आवाजाला ती जागी व्हायची. लांबून घुमत यायचा, डोक्यावरून जायचा, भूशिराला वळसा घालून विरायचा. तो पूर्ण विरेपर्यंत ती डोळे मिटून ऐकत राहायची. शेजारी नवरा घोरत असायचा. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. लोकांना त्या आवाजाचा ताप होत असणार, आणि आपल्याला तो आवडतो हे बरं दिसत नाही, असं तिला वाटायचं. मग इवाकिरींचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, गाडी गॅरेजात लागली, आणि आमचे रविवार मुके झाले.

चितोसेची हौस मात्र त्याही आधीची. ती सोळा वर्षांची असताना शाळेने तीन गोष्टींवर काट मारली होती: मोटारसायकलचा परवाना काढायचा नाही, मोटारसायकल घ्यायची नाही, चालवायची नाही. त्या काळच्या सगळ्या पोरांना हे तीन नकार तोंडपाठ असायचे. चितोसे शहाणी मुलगी, तिने ऐकलं. मग लग्न झालं, तोफू आला, सासूबाई आल्या, मुलगी झाली. ती मुलगी नोकरीसाठी ओसाकाला गेली त्या महिन्यात त्रेपन्न वर्षांची चितोसे ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात जाऊन उभी राहिली.

मोठ्या गाडीच्या वर्गात नाव घालायच्या आधी तिथे आडवी पाडलेली गाडी एकट्याने उभी करून दाखवावी लागते. शिकवणारा तरुण होता, मनाने चांगला. म्हणाला, "काकू, कमरेला जपा हं. नाही जमलं तरी चहा पिऊन जा." काकूंनी तीस वर्षं भिजवलेल्या सोयाबीनची पिंपं उचलली होती. पोट गाडीला टेकवलं, गुडघे वाकवले, एक हुंकार दिला आणि गाडी उभी. मग काकूंनी विचारलं, "आणखी कुठली उभी करायची आहे का?"

परवाना मिळाला. पर्समध्ये गेला. तीन वर्षं तिथेच राहिला.

इवाकिरींना गाडी विकायची होती, असं ते म्हणायचे. पण असा विकणारा देव कोणाला न दाखवो. गिऱ्हाईक आलं की ते गाडीचे दोष सांगायला बसत. आधी आलेल्या दोघातिघांना त्यांनी असं काही घाबरवलं होतं की ते बापडे गॅरेजाच्या बाहेर पळाले होते.

"घेऊ नका," चितोसेने विचारताच ते म्हणाले. "पेट्रोल घटाघटा पिते. थंडीत लवकर सुरू होत नाही, उन्हाळ्यात मांड्या भाजून काढते. पार्ट मिळत नाहीत. मिळाले तर बसत नाहीत."

"दिसायला छान आहे," चितोसे म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नका. वजन बघा. अडीचशे किलोच्या घरातलं धूड आहे. एकदा तोल गेला की गेला. बाई, तुमचं वय काय?"

"आणि तुमचं काय होतं, शेवटची चालवलीत तेव्हा?"

इवाकिरी फडकं घेऊन टाकी पुसायला लागले. टाकी मुळातच लखलखत होती.

चितोसे काही हटेना. दर दोन दिवसांनी तोफू घेऊन हजर, दर वेळी एक वडी इवाकिरींच्या बाकावर. शेवटी ते वैतागले. "असं करा," म्हणाले, "दोन आठवडे घेऊन जा. चालवणं सोपं असतं, बाळगणं अवघड. घरात ठेवून बघा. स्वतःच परत आणून द्याल आणि माझी डोकेदुखी जाईल." कागदपत्रं, विमा, सगळं नीट होतं. त्यांनी तिला गॅरेजासमोरच्या मोकळ्या जागेत तासभर गोल गोल फिरवलं, क्लच कसा सोडायचा ते ओरडून ओरडून सांगितलं, आणि स्वतः आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर गाडी निघून जाताना त्यांना बघायची नव्हती, एवढं चितोसेलाही कळलं.

त्या दुपारी ती खाडीच्या कडेने घरी आली तो प्रवास म्हणजे अवघी वीस मिनिटं. पण काय वीस मिनिटं! बोगद्यात शिरल्यावर आवाज चारी बाजूंनी अंगावर आला आणि ती हेल्मेटच्या आत एकटीच मोठ्याने हसली. समोरून एक मोटारसायकलवाला आला. त्याने डावा हात उंच करून तिला सलाम ठोकला. रस्त्यावर गाडीवाले एकमेकांना करतात, ओळख असो नसो. चितोसेला जन्मात असा हात कोणी केला नव्हता. स्कूटरवर तोफूची पेटी घेऊन जाणाऱ्या बाईला कोण हात करणार? तिलाही करायचा होता, पण हँडल सोडायची छाती झाली नाही. "पुढच्या वेळी करेन हं," ती निघून गेलेल्या माणसाला म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी मात्र तिने इंजिन बंद केलं. चढावरून खाली, ब्रेकवर, आवाज न करता गाडी घरंगळत दुकानाच्या पडवीत आणली. आमच्या गल्लीत घरं अशी चिकटून आहेत की नागासेबाईंनी भांडं पुसलं तर ओबातांना ऐकू जातं. अशा ठिकाणी असलं इंजिन सुरू करायचं म्हणजे लोकांच्या उशाशी ढोल बडवायचा. ते होणे नाही.

आणि घोडं अडलं ते तिथेच. दुकानाला सुट्टी बुधवारी आणि रविवारी. सकाळी सातनंतर सासूबाईंची न्याहारी, घरकाम, मग दुसऱ्या दिवसाचे दाणे निवडणं. चितोसेला मोकळा वेळ पहाटेचा, आणि तिला जायचंही होतं इवाकिरींच्याच वेळेला. तेव्हा तिने ठरवलं, गाडी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथे सुरू करायची. चांगल्या घरचे गाडीवाले असंच करतात. फक्त त्या चांगल्या घरांसमोर बहुधा आमच्या गल्लीसारखा चढ नसावा.

नवऱ्याला, तोकुजीला, तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हं."

तोकुजी सगळ्यालाच हं म्हणतो. लग्नाला होकारही त्याने असाच दिला होता म्हणतात.

सासूबाई मात्र बोलल्या. हिसायोबाई चौऱ्याऐंशीच्या, कानाने पक्क्या आणि जिभेने त्याहून पक्क्या. पडवीतल्या गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हे म्हशीएवढं काय आणून बांधलंयस?"

"परत द्यायचं आहे, आई. नुसतं बघायला आणलंय."

"बघायला आणलेली वस्तू कोणी दिवसातून चार वेळा पुसत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिल्या रविवारी चितोसेने पायात मोजेच घातले, बुटांचा आवाज नको म्हणून. बूट गळ्यात अडकवले. हँडल धरून गाडी ढकलायला लागली. पहिली दोन घरं ठीक गेली. ओबातांच्या दारापासून खरा चढ लागतो. तिथे गाडी हसायला लागली म्हणा ना. चार पावलं वर, एक पाऊल खाली, ब्रेक, श्वास, पुन्हा चार पावलं. कण्हावंसं वाटलं तर ओठ दाबून धरायचे. मोठ्या रस्त्यावर पोचली तेव्हा तिच्या हातांना असं कापरं भरलं होतं की किल्ली भोकात जाईना. अशा हातांनी क्लच धरायचा म्हणजे सरळ समुद्रात. ती कठड्यावर बसली, उजाडताना बघितलं आणि बूट गळ्यातच ठेवून गाडी खाली घेऊन आली.

"जाऊन आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"जाऊन आले."

"आवाज नाही आला तो?"

"हळू चालवली," चितोसे म्हणाली, आणि तळणाच्या कढईकडे वळली.

बुधवारी तर शोभाच झाली. नागासेबाईंच्या कोपऱ्यावर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात, मोजून घेतल्यासारख्या रांगेत. तिथे वळताना गाडीचा तोल पलीकडे गेला. एवढं वजन एकदा कलंडायला लागलं की कोणाच्या बापाला आवरत नाही. आता दुसरा कोणी असता तर ओरडून बाजूला झाला असता. चितोसेने काय केलं? आवाज होईल म्हणून गाडी सोडलीच नाही! मिठी मारल्यासारखी धरली आणि तिच्याबरोबर स्वतःही हळूहळू खाली गेली, गाढ झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावं तशी तिला जमिनीवर ठेवली. एक कुंडी तरीही फुटली. "माफ करा, माफ करा," चितोसे अंधारात कुंडीला म्हणाली. पाय गाडीखाली अडकला नाही हे नशीब. कोणाच्या घरात दिवा लागला नाही, कोणी दार उघडलं नाही. तिने कमरेत वाकून गाडी उभी केली, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये केली तशीच, फक्त हुंकार न देता. तो गिळलेला हुंकार तिच्या छातीत दिवसभर दुखत राहिला. तिथूनच मागे फिरली.

संध्याकाळी पडवीत बसून तिने गाडी पुसली. एका बाजूला ओरखडा आला होता. त्यावर बोट फिरवताना तिचे डोळे भरून आले. ओरखड्यासाठी नाही. सोळाव्या वर्षी शाळेने नाही म्हटलं, ते कसंतरी गिळता आलं. आता कोणी नाही म्हणत नव्हतं. आता आपलेच हात नाही म्हणत होते, आणि त्यांच्याशी भांडणार कोण?

"परत देते उद्या-परवा," ती तोकुजीला म्हणाली. "इवाकिरी-सान बरोबर म्हणाले होते. बाळगणं अवघड. हे सगळं तरुणपणी करायचं असतं."

"हं," तोकुजी म्हणाला. मग पायातले गमबूट काढता काढता म्हणाला, "तू ती घेऊन आलीस त्या दिवशी तळताना गाणं म्हणत होतीस."

"मी?"

"सबंध गाणं. दोनदा."

एवढं बोलून तो आंघोळीला निघून गेला. चितोसे ओलं फडकं हातात घेऊन तशीच बसून राहिली. आयुष्यात तोकुजीची दोन वाक्यं लागोपाठ ऐकायची तिला सवय नव्हती.

पण परत द्यायचं तर द्यायचं. आणि त्याआधी गल्लीत माफी मागायला हवी. आमच्याकडे घरात साधा सुतार येणार असला तरी समोरच्या तीन आणि शेजारच्या दोन घरी काहीतरी हातात घेऊन जावं लागतं, त्रास होईल, सांभाळून घ्या म्हणून. चितोसेने तर आधी न सांगता दोनदा गाडी ढकलली होती, वर कुंडी फोडली होती. तिला रात्रभर त्याचीच टोचणी लागली. गुरुवारी दुपारी तिने तळलेल्या तोफूच्या गोळ्यांचे पाच डबे भरले, नवी कुंडी घेतली, आणि निघाली.

पहिलं घर नागासेबाईंचं. चितोसे दारात कमरेतून वाकली. "काल पहाटे फार त्रास दिला. आवाज झाला असेल, झोपमोड झाली असेल, आणि ही तुमची कुंडी..."

"आवाज? छे छे!" नागासेबाई तिच्याहून खाली वाकल्या. "काहीच ऐकू आलं नाही हो आम्हाला. कुंडी तर मांजराने पाडली."

आमच्या गल्लीत मांजर नाही. चितोसे कृतज्ञतेने आणखी खाली वाकली. दोघींची डोकी आपटायचीच बाकी राहिली होती.

दुसरं घर ओबातांचं. ओबाता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर बेटांना जाणाऱ्या बोटीवर इंजिनाशी राहिलेले. चितोसेने तीच माफी पुन्हा मागितली. "पहाटे आवाज झाला असेल..."

"काहीच ऐकू आलं नाही!" ओबाता म्हणाले. पण हे काही नागासेबाईंसारखं म्हणाले नाहीत. जवळजवळ ओरडलेच. "तेच म्हणतोय मी! काहीच ऐकू आलं नाही! रविवारी नाही, बुधवारी नाही! अगं पोरी, पहाटे चारपासून मी खिडकीपाशी बसलोय, अंगावर गोधडी घेऊन! आत्ता सुरू होईल, मग सुरू होईल. आणि तू काय करतेस? बूट गळ्यात घालून चोरासारखी ढकलत जातेस! वरून ढकलतच परत येतेस!"

चितोसेच्या हातातले डबे घसरता घसरता राहिले. "तुम्ही... बघत होतात?"

"मी एकटा? अख्खी गल्ली पडद्याआड होती!" ओबातांचं तोंड सुटलं ते सुटलंच. "इवाकिरीची नानाहान ती. रविवारी पहाटे वरच्या रस्त्याने जायची, तो आवाज मी बोटीवरच्या इंजिनाएवढा ओळखतो. तिची वाट बघून मी सकाळचा चहा ठेवायचो. बंद झाली ती गाडी, मला वाटलं आता आपलाही नंबर आला. आणि ती तुझ्या पडवीत येऊन उभी राहते, आणि तू तिला मुक्याने फिरवतेस!"

"पण मला वाटायचं, लोकांना ताप होतो त्या आवाजाचा. मला एकटीलाच..."

समोरची खिडकी सरकली. नागासेबाई. काहीच ऐकू येत नाही म्हणणाऱ्या नागासेबाईंना हे सगळं व्यवस्थित ऐकू आलं होतं. त्या लाजेने लाल झाल्या होत्या. "मलाही आवडायचा," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले ना, त्यानंतर पहाटे घर फार शांत असायचं. रविवारी तेवढाच एक आवाज. पण बोलणार कसं? एवढ्या मोठ्या गाडीचा आवाज बायकांना आवडतो म्हणजे..." मग एकदम म्हणाल्या, "आणि काल तुम्ही पडलात ना, चितोसे-सान, मी दाराच्या कडीला हात लावून उभी होते. धावत यावंसं वाटलं. पण तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून दिवासुद्धा लावला नाही हो. उठलात तेव्हा जीव भांड्यात पडला माझा."

म्हणजे बघा. एक बाई लोकांची झोप मोडू नये म्हणून हाडं मोडून घेत होती, आणि लोक तिची लाज मोडू नये म्हणून अंधारात श्वास रोखून उभे होते. सगळे जागे, सगळे गप्प. आम्हाला कोणी औषध द्यावं?

औषध गल्लीच्या तळाशीच होतं. हिसायोबाई दुकानाच्या दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज चढावरून थेट वर आला.

"अगं चितोसे! तीस वर्षं झाली, आठवड्यातले पाच दिवस, पहाटे अडीचला आपली चक्की घरघरते. भिंती थरथरतात! तेव्हा कधी तू ती चक्की ढकलत मोठ्या रस्त्यावर नेलीस का गं?"

आधी ओबाता हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता ते पायरीवर बसले. नागासेबाईंनी खिडकीत तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला, पण खांदे हलत होतेच. वरच्या दोन घरांची दारं उघडली, आतली माणसं हसतच बाहेर आली, म्हणजे तीही ऐकत होती. "चक्कीला तर आम्ही इतके सरावलोय," त्यातलं कोणीतरी म्हणालं, "की सुट्टीच्या दिवशी झोप लागत नाही!" आणि चितोसे? ती भर गल्लीत डबे छातीशी धरून हसली, हसता हसता रडली, आणि मग कुठलं हसू आणि कुठलं रडू हे तिचं तिलाही कळेना.

"रविवारी," ओबातांनी डोळे पुसत हुकूम सोडला. "दारातून. सुरू करून."

रविवारी कचरागाडी येत नाही हे आमच्या गल्लीतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. तरी त्या रविवारी पहाटे नागासेबाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. ओबाता पाऊस नसताना छत्री तपासत होते. वरच्या घरचे नवरा-बायको एकच झाडू दोघं मिळून मारत होते. कोणीही गाडी बघायला आलेलं नव्हतं, छे! सगळे आपापल्या कामाला आले होते.

चितोसे बूट पायात घालून, रीतसर, गाडीवर बसली. चोक ओढला. बटण दाबलं. गाडी खोकली आणि गप्प. गल्लीने श्वास रोखला. पुन्हा दाबलं. पुन्हा खोकली, थोडी जास्त खोकली, आणि गप्प.

"थंडीत लवकर सुरू होत नाही," चितोसे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इवाकिरी-सान म्हणाले होते."

"थ्रॉटलला हात लावू नकोस," ओबाता ओरडले, छत्री विसरून. "तिला तिचं तिचं उठू दे!"

तिसऱ्यांदा ती उठली. आधी एक सिलिंडर, मग दोन, मग चारही, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून तो आवाज असा भरून वर आला की ओबातांच्या खिडकीची काच वाजायला लागली. ओबातांनी त्या काचेवर हात ठेवला, थांबवायला नाही, नुसताच ठेवला. नागासेबाई कचऱ्याची पिशवी छातीशी धरून रडत होत्या आणि हसत होत्या. हिसायोबाई म्हणाल्या, "बरी आहे म्हैस." तोकुजी दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता हं म्हणणार. पण तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला, "गाणं म्हण!"

चढ! ज्या चढावर तिचा जीव निघाला होता तो चढ गाडीने पहिल्या गिअरमध्ये गिळला. मोठ्या रस्त्यावर आल्यावर डाव्या हाताला समुद्र, समोर मोकळा रस्ता, आणि चितोसे खरोखरच गात होती. भूशिराच्या वळणावर समोरून एक मोटारसायकलवाला आला. त्याने हात उंचावला. यावेळी चितोसेने हँडलवरचा डावा हात सोडला आणि असा उंच केला, असा हलवला, की तो बिचारा आरशातून बघत राहिला.

इवाकिरी गॅरेजाच्या बाहेर स्टुलावर बसले होते. दुखरा पाय लांब केलेला, चहा हातात, गार झालेला. भूशिरापलीकडून आवाज आला तेव्हापासून ते तसेच बसले असणार. चितोसेने गाडी त्यांच्यासमोर उभी केली, स्टँडवर घेतली, हेल्मेट काढलं.

"परत आणलीत," ते म्हणाले.

"घ्यायला आले," ती म्हणाली. "ओरखडा मी पाडला. तो तसाच राहू द्या."

इवाकिरींनी ओरखडा बघितला. मग नेहमीसारखे सुरू झाले. पार्ट मिळत नाहीत. मांड्या भाजतात. पेट्रोल पिते. पण आज त्यांचा सूर लागत नव्हता, मध्येच थांबत होते, आणि थांबले की टाकीकडे बघत होते. चितोसे ऐकून घेत होती. माणसाला निरोप द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायला हवा.

"शेजारी कुरकुर करतील," ते शेवटी म्हणाले. त्यांच्याकडचा शेवटचा दोष. "आवाज फार आहे हिचा."

तेव्हा चितोसेने त्यांना सगळं सांगितलं. ओबातांचा चहा, नागासेबाईंचं शांत घर, पडद्याआडची गल्ली, चक्की. आपणही रविवारी डोळे मिटून पडायचो आणि कान लावायचो, तेही सांगितलं.

"आणि मी," ते म्हणाले, "मी तुमच्या गल्लीवरून जाताना दर वेळी थ्रॉटल सोडून आवाज उतरवायचो. लोकांची झोप मोडू नये म्हणून. वीस-बावीस वर्षं."

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की आतून इवाकिरींच्या बायकोने डोकं बाहेर काढलं.

कागदांवर शिक्के झाले. किल्ली तर तिच्या हातातच होती. चितोसे गाडीवर बसली, आणि इवाकिरी उठून, एक हात भिंतीला धरून, जवळ आले. त्यांनी टाकीवर हात ठेवला, एकदाच, आणि काढून घेतला.

"चांगली गाडी आहे," ते म्हणाले. "फार चांगली आहे हो ही गाडी."

"मी दर रविवारी इथूनच जाणार आहे," चितोसे म्हणाली.

"हो ना?" इवाकिरींनी तोंड फिरवलं, नाक पुसलं. मग गाडीचे दोष सांगायच्या त्यांच्या त्याच करड्या आवाजात म्हणाले, "मग एक लक्षात ठेवा, बाई. माझ्या दारावरून जाताना थ्रॉटल सोडायचा नाही."